विश्लेषण : हजारो गाड्या कागलवरून जातात... थांबतील कधी?

राष्ट्रीय महामार्ग, पंचतारांकित औद्योगिक वसाहत, जवळच विमानतळ आणि शाहू महाराजांच्या घराण्याचे गाव. कोल्हापूर जिल्ह्यातील कागलकडे छोट्या शहराला हेवा वाटावा असे बरेच काही आहे. तरीही इथून जाणारा प्रवासी आणि इथे तयार होणारा पैसा, दोन्ही शहरात फारसे थांबत नाहीत. असे का होते, आणि हे चित्र बदलू शकते का?

कागलचे महत्त्व कशामुळे?

कोल्हापूरपासून दक्षिणेला सुमारे २० किलोमीटरवर, पुणे-बंगळूरु राष्ट्रीय महामार्गावर कागल वसले आहे. पुढे दूधगंगेचा पूल ओलांडला की काही मिनिटांत कोगनोळीचा नाका, म्हणजे कर्नाटक. आणखी थोडे पुढे निपाणी. मुंबई-पुण्याहून बेळगाव, हुबळी, बंगळूरुकडे जाणारी मालवाहतूक इथून जाते. निपाणी-आंबोलीमार्गे गोव्याला निघालेले पर्यटकही याच रस्त्याने जातात. कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ कोल्हापूर आणि कागल यांच्या मधोमध आहे. त्याच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन मार्च २०२४ मध्ये झाले.

२०११ च्या जनगणनेनुसार कागल शहराची लोकसंख्या साधारण ३४ हजार होती. त्याआधीच्या दहा वर्षांत ती सुमारे दहा हजारांनी वाढली होती. तालुक्याच्या ठिकाणच्या गावासाठी ही वाढ मोठी आहे. तिचे मुख्य कारण म्हणजे शहराच्या पूर्वेला उभी राहिलेली कारखानदारी.

पंचतारांकित वसाहतीत काय तयार होते?

कोल्हापुरातील उद्योगांची सुरुवात शेतीच्या गरजेतून झाली. ऊस पिकवायला पाणी हवे, पाणी उपसायला इंजिन हवे, आणि इंजिन बनवायला ओतकाम हवे. या साखळीतून उद्यमनगर घडले, पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगाव या वसाहती आल्या. तिथली जागा कमी पडू लागल्यावर एमआयडीसीने कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत उभारली. कसबा सांगाव, तळंदगे, पट्टणकोडोली या गावांच्या शिवारात ती पसरली आहे.

इथल्या मालाचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला अभियांत्रिकी. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा मोठा प्रकल्प इथे आहे, आणि ट्रॅक्टर, मोटारी, पंप यांना लागणारे भाग ओतणाऱ्या फौंड्रीही आहेत. दुसरा कापड. रेमंडचा उंची सुती शर्टिंगचा कारखाना इथलाच. तुर्कस्तानच्या सोक्तास समूहाने सुरू केलेला कापड कारखाना पुढे आदित्य बिर्ला समूहातील ग्रासिमकडे गेला. चादरी आणि बेडशीट परदेशी पाठवणाऱ्या इंडो काउंटचा प्रकल्पही इथे आहे. यंत्रमागाचे शहर इचलकरंजी आणि चांदीच्या दागिन्यांचे हुपरी ही दोन्ही ठिकाणे वसाहतीपासून हाकेच्या अंतरावर आहेत.

थोडक्यात, कागलच्या शिवारातला माल जगभर जातो. म्हणूनच जगातल्या घडामोडींची झळही इथवर येते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लावले. तेव्हा अमेरिकी दुकानांवर अवलंबून असलेल्या भारतातल्या सगळ्याच चादर-कापड उद्योगाची झोप उडाली. एकाच गिऱ्हाइकावर विसंबणे किती महागात पडते, याचा तो धडा होता.

मग पैसा शहरात का राहत नाही?

याची तीन कारणे आहेत. पहिले कारण कराचे. जीएसटी हा माल जिथे वापरला जातो तिथे लागणारा कर आहे. कागलला बनलेले इंजिन पंजाबात विकले गेले, तर राज्याच्या वाट्याचा कर पंजाबला जातो. औद्योगिक वसाहत नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर असल्याने कारखान्यांची घरपट्टीही शहराच्या तिजोरीत येत नाही. महामार्गावरचा टोल तर शहराचा नसतोच. कामगारांच्या वाढत्या वस्तीला पाणी, गटार, शाळा द्यायची जबाबदारी मात्र शहरावर येते.

दुसरे कारण अंतराचे. कोल्हापूर अर्ध्या तासावर आहे. चांगल्या पगाराचे अधिकारी, अभियंते कोल्हापुरात राहतात आणि रोज ये-जा करतात. त्यामुळे मुलांच्या शाळेची फी, दवाखाना, लग्नाची खरेदी, सुटीच्या दिवशीचे जेवण हा सगळा खर्च कोल्हापुरात होतो. मोठ्या शहराला खेटून असलेल्या प्रत्येक छोट्या गावाची ही अडचण आहे. रोजगार गावात आणि बाजार शहरात, अशी त्याची वाटणी होते.

तिसरे कारण रस्त्याचे. महामार्ग जितका रुंद आणि वेगवान होतो, तितका प्रवासी मधल्या गावात कमी उतरतो. शेंद्रे ते कागल हा सुमारे १३० किलोमीटरचा टप्पा सहापदरी करण्याचे काम सुरू आहे आणि ते बराच काळ रेंगाळले आहे. ते पूर्ण झाल्यावर कोल्हापूर-कागल प्रवास सोपा होईल. पण सेवा रस्ते, भुयारी मार्ग आणि शहरात वळण्याची सोय नीट झाली नाही, तर गाड्या कागलवरून जातील, कागलमधून जाणार नाहीत.

स्थानिकांना नोकऱ्या मिळतात का?

या प्रश्नावर गावागावांत वाद होतात, कारण ‘स्थानिक’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. राज्य सरकारच्या धोरणानुसार सवलती घेणाऱ्या उद्योगांनी पर्यवेक्षक श्रेणीत किमान ५० टक्के आणि इतर श्रेणींत किमान ८० टक्के स्थानिकांना नोकऱ्या द्यायच्या आहेत. पण तिथे स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षे वास्तव्य असलेली व्यक्ती. ज्या शेतकऱ्याची जमीन वसाहतीत गेली, त्याच्या दृष्टीने स्थानिक म्हणजे कसबा सांगावचा किंवा कागलचा मुलगा. कंपनी नियम पाळत असली आणि गावाला तरीही फसवल्यासारखे वाटत असले, तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

दुसरा भाग कौशल्याचा. आजच्या फौंड्रीत साचा हाताने भरणारा माणूस कमी लागतो. संगणकावर चालणारे यंत्र सांभाळणारा, धातूची तपासणी करणारा, रोबोटची देखभाल करणारा जास्त लागतो. पदवी घेतलेला मुलगा कंत्राटी हेल्पर म्हणून लागतो आणि त्याच कारखान्यातले तंत्रज्ञ बाहेरून येतात, हे चित्र बदलायचे असेल तर आयटीआय आणि तंत्रनिकेतनातले अभ्यासक्रम वसाहतीतल्या यंत्रांशी जोडावे लागतील. नव्या कारखान्याच्या घोषणेपेक्षा या एका गोष्टीने कागलच्या घरांत जास्त पैसा येऊ शकतो.

शेतीचा आधार किती भक्कम?

कागल तालुक्यात दूधगंगा, वेदगंगा आणि चिकोत्रा या तीन नद्यांची खोरी आहेत. त्यांच्यावर ऊस उभा आहे. या एका तालुक्यात चार साखर कारखाने आहेत : कागलचा छत्रपती शाहू, हमिदवाड्याचा सदाशिवराव मंडलिक, बिद्रीचा दूधगंगा-वेदगंगा हे तीन सहकारी, आणि बेलेवाडी काळम्मा येथील संताजी घोरपडे हा खासगी. तालुक्याचे राजकारणही बरेचसे याच कारखान्यांभोवती फिरते. जोडीला दूध आहे. ‘गोकुळ’ची मुख्य डेअरी शेजारच्या गोकुळ शिरगावला असल्याने गावोगावच्या संस्थांमधून दर दहा दिवसांनी घराघरांत दुधाचे बिल येते.

उसाचा फायदा म्हणजे दराची हमी. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. तोडणीनंतर १४ दिवसांत ती देणे कायद्याने बंधनकारक आहे. अडचण दुसऱ्या बाजूला आहे. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला, आणि एफआरपी वर्षानुवर्षे वाढत असताना तो तिथेच राहिला. या ओढाताणीतून वाट काढण्यासाठी कारखाने इथेनॉल आणि सहवीज निर्मितीकडे वळले. पण जमिनीचे तुकडे होत चालले आहेत. एकरभर उसावर दोन भावांचे कुटुंब चालत नाही. त्यामुळे एक भाऊ शेतात आणि दुसरा एमआयडीसीत, ही इथल्या अनेक घरांची रीत झाली आहे.

राज्याची सीमा जवळ असणे फायद्याचे की तोट्याचे?

दोन्ही. तोटा आधी पाहू. महाराष्ट्रातली औद्योगिक वीज शेजारच्या कर्नाटकपेक्षा महाग आहे, ही कोल्हापूरच्या उद्योजकांची जुनी तक्रार आहे. फौंड्रीत धातू वितळवायलाच प्रचंड वीज लागते. त्यामुळे युनिटमागे एक-दीड रुपयाचा फरकही नफा गिळून टाकतो. दहा-बारा वर्षांपूर्वी इथल्या उद्योजकांनी सीमा ओलांडून जाण्याचा जाहीर इशारा दिला होता आणि कर्नाटकनेही त्यांच्यासाठी पायघड्या घातल्या होत्या. सगळे गेले नाहीत, पण विस्तार करताना पलीकडची जागा बघण्याची सवय मात्र लागली. इंधनाचेही तेच. दोन राज्यांच्या करांत फरक पडला की ट्रकचालक स्वस्त बाजूला टाकी भरतो.

फायदा असा, की कागलची बाजारपेठ राज्याच्या सीमेवर संपत नाही. निपाणी, चिकोडी, अक्कोळ भागातल्या लोकांचे नातेसंबंध, भाषा आणि देवस्थाने याच बाजूला आहेत. निपाणीला लागून असलेले देवचंद महाविद्यालय अर्जुननगरात, म्हणजे कागल तालुक्यात आहे. शहर कर्नाटकात आणि त्याचे महाविद्यालय महाराष्ट्रात, अशी ही गंमत आहे. सीमावाद न्यायालयात चालू राहील. पण आरोग्य, शिक्षण आणि खरेदी यांसाठी सीमेपलीकडच्या माणसाला कागल जवळचे वाटावे, हे आजही करता येण्यासारखे आहे.

पर्यटनासाठी कागलकडे काय आहे?

सर्वांत मोठे नाव राजर्षी शाहू महाराजांचे. २६ जून १८७४ रोजी जन्मलेले यशवंतराव हे कागलच्या घाटगे घराण्यातले. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे कागलचे अधिपती होते. १७ मार्च १८८४ रोजी यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी संस्थानातल्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. देशाच्या सामाजिक इतिहासातला तो मोठा टप्पा आहे. कोल्हापुरात शाहूंचे जन्मस्थळ, न्यू पॅलेस, शाहू मिलची जागा लोक पाहतात. राधानगरीला त्यांनी सुरू केलेले धरण पाहतात. पण ज्या घराण्यातून ते आले, ते कागल या फेरीत सहसा नसते.

दुसरे नाव आनंद यादव यांचे. १९३५ मध्ये कागलला शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या यादवांच्या ‘झोंबी’ला १९९० मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘नटरंग’ चित्रपट त्यांच्याच कादंबरीवरचा. ‘गोतावळा’मध्ये त्यांनी ट्रॅक्टर आल्यावर एका शेतगड्याचे काय होते ते दाखवले. ज्या गावात आज ट्रॅक्टरचे सुटे भाग ओतले जातात, तिथला हा लेखक आहे. साताऱ्यातल्या भिलारला २०१७ मध्ये ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले, तेव्हा त्या गावाकडे असा स्वतःचा मोठा लेखक नव्हता. कागलकडे तो आहे.

तिसरी गोष्ट देवस्थानांची. हिंदू-मुस्लीम दोघेही ज्याला मानतात ते गहिनीनाथ गैबी पीर हे कागलचे ग्रामदैवत, आणि त्याचा उरूस म्हणजे गावाचा मोठा सण. मुरगूडच्या पुढे, तालुक्याच्या हद्दीला लागून आदमापूर आहे. अक्कोळमध्ये जन्मलेल्या संत बाळूमामांची समाधी तिथे आहे. टीव्ही मालिकेनंतर तिथली गर्दी खूप वाढली आणि अमावास्येला दोन्ही राज्यांतून भाविकांची रीघ लागते. पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेव यात्रा तर भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या माणसांच्या छायाचित्रांमुळे दूरवर पोहोचली आहे. कोल्हापूरच्या वाटेवर कणेरी मठाचे ग्रामजीवन संग्रहालय आहे, तिथे शाळांच्या सहली येतात. ही सगळी ठिकाणे कागलपासून तासाभराच्या आत आहेत. त्यांना जोडणारा धागा मात्र नाही.

कापशीच्या चपलेचा मुद्दा काय?

तालुक्यातल्या चिकोत्रा खोऱ्यात सेनापती कापशी आहे. मराठ्यांचे सेनापती संताजी घोरपडे यांच्या घराण्याची ही जहागीर. कोल्हापुरी चपलेच्या एका प्रकाराला या गावाचेच नाव आहे : कापशी. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानमधल्या कार्यक्रमात कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, सुरुवातीला तिचा उगम सांगितला नाही, आणि टीका झाल्यावर तो मान्य केला. पुढे कंपनीने दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला.

या वादातून एक गोष्ट स्पष्ट झाली. नाव जगाला माहीत आहे, पण नावाचे पैसे कारागिराच्या घरी पोहोचत नाहीत. दुकानात हजारो रुपयांना विकल्या जाणाऱ्या जोडीतला किती वाटा कातडे कमावणाऱ्याला, शिवणाऱ्याला आणि वेणी घालणाऱ्या बाईला मिळतो, हा खरा प्रश्न आहे. गिऱ्हाईक थेट कापशीत आले, समोर चप्पल बनताना पाहून विकत घेऊ लागले, तर मधला दलाल गळतो. पर्यटनाचा फायदा इतका साधा असू शकतो.

थांबलेल्या गाडीचा हिशेब कसा मांडायचा?

केवळ हिशेबापुरते उदाहरण घेऊ. महामार्गावरून जाणाऱ्या गाड्यांपैकी रोज २०० गाड्या कागलमध्ये दोन तास थांबल्या आणि प्रत्येकीने जेवण, गूळ, चप्पल, तिकीट यांवर हजार रुपये खर्च केले, तर दिवसाला दोन लाख आणि वर्षाला सव्वासात कोटी रुपये होतात. मोठ्या कारखान्याच्या उलाढालीपुढे ही रक्कम किरकोळ आहे. फरक असा, की कारखान्याचा नफा मुख्यालयात जातो आणि हे पैसे हॉटेलवाला, रिक्षावाला, बचत गट आणि गुऱ्हाळमालक यांच्या हातात राहतात. ज्याला कारखान्यात नोकरी मिळत नाही, त्यालाही यात वाटा असतो.

त्यासाठी थांबण्याचे कारण मात्र हवे. हंगामात चालणारे गुऱ्हाळ हे असे कारण होऊ शकते. कोल्हापुरी गुळाला मानांकन आहे, आणि गरम काकवी चाखायला पुण्या-मुंबईचा माणूस आनंदाने थांबेल. राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण शेतकऱ्याला यासाठी नोंदणीची वाट दाखवते.

वाढीच्या आड काय येऊ शकते?

सर्वांत आधी पाणी. इचलकरंजीत पंचगंगेचे पाणी इतके दूषित झाले, की २०१२ मध्ये तिथे काविळीची मोठी साथ आली. स्वच्छ पाण्याच्या शोधात त्या शहरासाठी कागल तालुक्यातल्या सुळकूड येथून दूधगंगेचे पाणी नेण्याची योजना मंजूर झाली, आणि दूधगंगा काठचे शेतकरी विरोधात उभे राहिले. इचलकरंजीची तहान खरी आहे आणि शेतकऱ्याची भीतीही खरी आहे. कारखाने, वाढते शहर, ऊस आणि शेजारचे शहर या सगळ्यांना एकाच नदीकडून पाणी हवे आहे. उसाला ठिबक आणि उद्योगांना प्रक्रिया केलेले सांडपाणी, या दोन गोष्टी झाल्याशिवाय हा वाद मिटणार नाही. पंचगंगेचे जे झाले ते दूधगंगेचे होऊ द्यायचे नसेल, तर वसाहतीच्या सांडपाण्यावर आजच डोळा ठेवावा लागेल.

दुसरा धोका पुराचा. २०१९ आणि २०२१ मध्ये उत्तरेला शिरोलीजवळ आणि दक्षिणेला निपाणीजवळच्या यमगर्णीत महामार्ग पाण्याखाली गेला. मधल्या भागात ट्रकच्या रांगा लागल्या. ज्या रस्त्यावर सगळा उद्योग उभा आहे, तोच दिवसच्या दिवस बंद पडला. म्हणून रस्त्याला मातीचा भराव की खांबांवरचा पूल, हा वाद कोल्हापूर परिसरासाठी जिव्हाळ्याचा आहे. भरावामुळे पुराचे पाणी अडते, असा इथल्या लोकांचा आक्षेप आहे.

तिसरा प्रश्न जमिनीचा. प्रस्तावित नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाला कागल तालुक्यासह जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला. बागायती जमीन एकदा गेली की परत येत नाही, आणि आधीच्या प्रकल्पांतून मिळालेल्या आश्वासनांचा अनुभव फारसा चांगला नाही. विकासाच्या पुढच्या प्रत्येक प्रस्तावाला या अविश्वासाला उत्तर द्यावेच लागेल.

पुढे काय करता येईल?

यातल्या बऱ्याच गोष्टींना हजार कोटींची गरज नाही. महामार्गाच्या आराखड्यात शहराकडे वळणारा ठळक रस्ता, बस आणि गाड्यांसाठी तळ आणि स्वच्छ स्वच्छतागृहे मागून घेता येतील. काम चालू असेपर्यंतच हे शक्य आहे, डांबर पडल्यावर नाही. कसबा बावडा ते कागल ते राधानगरी अशी शाहूंच्या आयुष्याची एक दिवसाची फेरी आखता येईल. आनंद यादवांच्या नावाने वाचनालय आणि लहान दालन उभारता येईल. कापशीत कारागिरांच्या सहकारी संस्थेचे विक्री केंद्र सुरू होऊ शकते. वसाहतीतल्या कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी आयटीआयमधल्या यंत्रांवर खर्च होऊ शकतो.

कागलचे राजकारण राज्यात गाजलेले आहे. इथल्या गटांतली चुरस प्रत्येक निवडणुकीत रंगते आणि गैबी चौकातल्या सभा तालुकाभर चघळल्या जातात. हीच चुरस कारखान्यांच्या ऊसदरात दिसली तेव्हा शेतकऱ्याचा फायदा झाला. ती शहराच्या सोयींसाठी दिसली, तर कागलच्या मुलाला नोकरीसाठी पुणे आणि खरेदीसाठी कोल्हापूर गाठावे लागणार नाही. रस्ता रुंद होतोच आहे, त्यावर वळणाची पाटी कोण आणि कधी लावते, एवढेच पाहायचे.